पालघरची फेसबुक पोस्ट, नोव्हेंबर २०१२: कायदा होताच, मग अटक झाली कशी?

१७ नोव्हेंबर २०१२ ला, शनिवारी, बाळासाहेब ठाकरे गेले. रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार, लाखोंची गर्दी, आणि मुंबईसकट आजूबाजूचा सगळा पट्टा कडकडीत बंद. त्याच रविवारी पालघरमधल्या एका २१ वर्षांच्या मुलीनं फेसबुकवर इंग्रजीत चार-सहा ओळी टाकल्या. सुरुवातच 'पूर्ण आदर राखून' अशी. पुढे म्हणणं काय, तर रोज हजारो लोक मरतात तरी जग चालू राहतं, एक राजकारणी नैसर्गिक मरणानं गेला तर सगळे एवढे वेडे का होतात, भगतसिंग, आझाद, सुखदेव यांच्यासाठी शेवटचं दोन मिनिटं शांत कोण उभं राहिलं होतं, आदर कमवावा लागतो तो जबरदस्तीनं मिळत नाही, आणि आज मुंबई बंद आहे ती भीतीपोटी, आदरापोटी नाही. बस, एवढंच. शिवी नाही, कुणाला मारा-तोडा नाही, धर्माचा उल्लेख नाही, जातीचा नाही. तिच्या एका मैत्रिणीनं त्या पोस्टला लाईक केलं.

स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्यानं तक्रार दिली. पोलीस स्टेशनबाहेर जमाव जमला. पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांचा ऑर्थोपेडिक दवाखाना होता, तो जमावानं फोडला, म्हणजे ज्याचा त्या चार ओळींशी काडीचा संबंध नाही त्याचं नुकसान सगळ्यात आधी झालं. सोमवारी, १९ तारखेला दोघींना अटक. लिहिणारीला पण आणि लाईक करणारीला पण. दोघींची प्रत्येकी १५ हजारांच्या जातमुचलक्यावर सुटका झाली.

मग देशभर बोंब झाली. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांना खरमरीत पत्र लिहिलं, चौकशी लागली, ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा २०१४ ला झाला), आणि केस ज्यांच्यासमोर गेली होती त्या मॅजिस्ट्रेटची हायकोर्टानं बदली केली. २०१३ च्या सुरुवातीला क्लोजर रिपोर्ट (खटला चालवण्यासारखं काही नाही असा पोलिसांचा अहवाल) मान्य होऊन केस संपली.

आता हे प्रकरण आठवताना बहुतेक जण एका दमात सांगतात की पालघरच्या मुलींना ६६अ (आयटी कायद्यातलं ऑनलाईन आक्षेपार्ह मजकुरासाठीचं कलम) खाली पकडलं, मग सुप्रीम कोर्टानं ६६अ उडवलं, विषय संपला. घटनाक्रम बरोबर आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मला पटत नाही. ६६अ जायलाच हवं होतं यात वाद नाही. पण पालघरमध्ये जे झालं ते ६६अ शिवाय सुद्धा झालं असतं, आणि आजही होऊ शकतं. दोघींवर लावलेलं एकही कलम त्या पोस्टला नीट बसत नव्हतं, तरी अटक झाली. ती का होऊ शकली हे बघायचं तर कलमं एकेक करून त्या मजकुराशेजारी ठेवून वाचावी लागतात.

त्याआधी राज्यघटना. कलम १९(१)(अ) नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्याच्या मर्यादा सांगतं. मर्यादांची यादी मोजून आठ गोष्टींची आहे: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, अब्रूनुकसानी, आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी सुरुवातीपासून अशी नव्हती. १९५० मध्ये रोमेश थापर यांच्या साप्ताहिकावर मद्रास सरकारनं घातलेली बंदी सुप्रीम कोर्टानं उठवली, कारण तेव्हा 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण यादीत नव्हतंच, मग १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती करून ते घातलं, सोबत परराष्ट्र संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी हेही आलं, आणि त्याच दुरुस्तीत निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत ही अटसुद्धा आली, जी आज नागरिकाच्या बाजूनं सगळ्यात जास्त कामाला येते. सार्वभौमत्व आणि एकात्मता १९६३ ला आलं.

या यादीत 'भावना दुखावणे' नाही. 'जनहित' पण नाही. धंदा-व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर सामान्य जनतेच्या हितासाठी बंधन घालता येतं, तसं घटनेत लिहिलंय, बोलण्यावर त्या नावाखाली घालता येत नाही. २०२३ च्या जानेवारीत कौशल किशोर प्रकरणात घटनापीठानं परत एकदा स्पष्ट केलं की ही आठ कारणं म्हणजे पूर्ण यादी, नववं कारण कोर्टानं किंवा सरकारनं बाहेरून आणायचं नाही. म्हणून कुठलीही पोस्ट समोर आली की ती चांगली का वाईट, वेळ योग्य होती का अयोग्य, हा प्रश्न कायद्याच्या कामाचा नसतो. अंत्यसंस्काराच्याच दिवशी असं लिहायला नको होतं असं तेव्हा खूप जण म्हणाले, आणि ते मत असू शकतं, पण ते शिष्टाचाराबद्दलचं मत झालं. कायद्यानं एवढंच विचारायचं की या आठांपैकी कशात बसतं, आणि बसत असेल तर किती थेट.

आता पहिलं कलम. भारतीय दंड संहिता २९५अ, जे सुरुवातीला लावलं गेलं. हे कलम धर्माचा किंवा धार्मिक श्रद्धांचा अपमान, तोही जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला, यासाठी आहे. पोस्टमध्ये धर्म कुठे आहे? कुठेच नाही. ज्यानं हे कलम लिहून घेतलं त्यानं पोस्ट वाचली नसावी किंवा कलम वाचलं नसावं, तिसरी शक्यता अशी की दोन्ही वाचलं आणि बाहेर उभ्या असलेल्या जमावाकडे बघून लिहिलं. या कलमाची एक गंमत आहे. २९५अ खाली कोर्टाला दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते, म्हणजे खटला उठसूट चालू नये म्हणून कायद्यानं कुलूप लावलंय. पण ते कुलूप कोर्टाच्या दारावर आहे. एफआयआर आणि अटकेला मंजुरी लागत नाही, त्यामुळे पोलीस स्टेशनचं दार सताड उघडं.

२९५अ मागे पडलं आणि दंड संहितेचंच ५०५(२), म्हणजे गटागटांत वैर पसरवणाऱ्या अफवांसाठीचं कलम, आलं, त्याच्या जोडीला आयटी कायद्याचं ६६अ. ५०५(२) वाचताना लोक फसतात कारण त्यात 'किंवा अन्य कुठल्याही कारणावरून' असे शब्द आहेत आणि वाटतं की यात सगळंच बसेल. पण नीट वाचलं तर कारण कुठलंही चालत असलं तरी वैर कुणाकुणात पसरवायचं हे ठरलेलं आहे, ते धार्मिक, वांशिक, भाषिक, प्रादेशिक गट, जाती किंवा समुदाय यांच्यात असावं लागतं. शिवाय मजकुरात अफवा किंवा घबराट पसरवणारी बातमी असावी लागते आणि वैर पसरवण्याचा हेतूही असावा लागतो. १९९७ च्या बिलाल अहमद कालू प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं होतं की निदान दोन गट तरी समोरासमोर यायला हवेत, एकाच गटाच्या भावना चाळवल्या म्हणून १५३अ (गटागटांत वैर वाढवण्याचा गुन्हा) किंवा ५०५(२) होत नाही. २००७ ला मंझर सईद खान प्रकरणात तेच परत सांगितलं, तेही महाराष्ट्र सरकारला. आता पालघरच्या पोस्टमध्ये दुसरा गट कोण? बंद पाळणारे विरुद्ध बंदला वैतागलेले? एखाद्या पक्षाचे कार्यकर्ते हा या कलमातला गट नाही, आणि मुंबई भीतीपोटी बंद आहे हे मत आहे, अफवा नाही.

मत सुद्धा कसं, तर ज्याला कोर्टाचा आधार होता. हा भाग फार कमी लोकांनी तेव्हा लावून धरला. जबरदस्तीचा बंद घटनाबाह्य आहे असं केरळ हायकोर्टानं १९९७ मध्ये सांगितलं आणि सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी ते कायम केलं. घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर ३० जुलै २००३ ला मुंबई बंद झाला, त्यावरून बी. जी. देशमुख आणि इतरांनी याचिका केली आणि २००४ मध्ये मुंबई हायकोर्टानं शिवसेना आणि भाजप दोघांनाही प्रत्येकी २० लाखांचा दंड ठोकला. म्हणजे बंद लोकांच्या मर्जीनं असतो का धाकानं, हा प्रश्न याच राज्याच्या हायकोर्टानं आठ वर्षं आधी विचारून त्यावर पैसे वसूल करायचा हुकूम दिला होता. तोच प्रश्न एका मुलीनं फेसबुकवर विचारला तर गुन्हा.

राहिलं ६६अ. हे आयटी कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं घुसलं. त्या डिसेंबरात, मुंबई हल्ल्यानंतर महिनाही झाला नव्हता तेव्हा, संसदेत जवळजवळ चर्चा न होता ते पास झालं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कॉम्प्युटर किंवा मोबाईलवरून 'अतिशय आक्षेपार्ह' किंवा 'धमकावणाऱ्या स्वरूपाचं' काही पाठवणं गुन्हा, आणि खोटं आहे हे माहीत असून त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, वैर, द्वेष वगैरेसाठी वारंवार पाठवणं हाही गुन्हा. यादीकडे नुसतं बघा. 'गैरसोय' आणि 'धोका' एकाच ओळीत, एकाच शिक्षेला. पालघरची पोस्ट या कलमात बसते का याचं उत्तर खरं तर देताच येत नाही, कारण कुणाला अतिशय आक्षेपार्ह वाटलं म्हणजे बसतं हे कलमात लिहिलेलंच नाही. ज्याच्या हातात पेन त्याचं माप. आणि लाईक? कलमात क्रियापद 'पाठवणे' आहे. मैत्रिणीनं काय पाठवलं? २०२५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं वेगळ्या कलमाच्या संदर्भात सांगितलं की पोस्ट लाईक करणं म्हणजे प्रसिद्ध करणं किंवा प्रसारित करणं होत नाही, पण हे उत्तर यायला १३ वर्षं लागली आणि ते एका हायकोर्टाचं आहे.

मजकूर थोडा थोडा बदलून बघितला की मर्यादा कुठे आहेत ते जास्त लक्षात येतं, म्हणून पोस्टमध्ये एकेक फेरफार करून बघू.

समजा तिनं लिहिलं असतं की बंद करायला लावणाऱ्यांना चौकात गाठून ठोका. सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी, दोन्ही दारं उघडली असती, खास करून जमाव रस्त्यावर असताना. तिथे मी तिच्या बाजूनं एक ओळ लिहिली नसती. समजा लिहिलं असतं की अमुक स्टेशनजवळ अमुक समाजाच्या लोकांनी मिरवणुकीवर दगडफेक केली, आणि तसं काही झालंच नसतं, तर ५०५ अगदी यासाठीच आहे. आता तिसरा फेरफार. समजा तिनं दिवंगत नेत्याबद्दल खोटा, बदनामीकारक आरोप केला असता. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही असं सर्रास समजतात, ते चूक आहे. दंड संहितेच्या ४९९ कलमाच्या (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६) पहिल्याच स्पष्टीकरणात आहे की मृत व्यक्ती जिवंत असती तर तिची अब्रू गेली असती असा आरोप, आणि तो तिच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाईकांच्या भावना दुखावण्याच्या उद्देशानं केलेला, हीसुद्धा अब्रूनुकसानी. म्हणजे कायद्यानं भावनांना जागा दिलीय, पण घरच्यांच्या, अनुयायांच्या नाही. आणि तिथेही रस्ता पोलीस स्टेशनातून जात नाही. अब्रूनुकसानीचा गुन्हा अदखलपात्र आहे, ज्याला झळ पोचली त्यानं स्वतः मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची, पोलीस थेट एफआयआर करून उचलू शकत नाहीत. फौजदारी अब्रूनुकसानी असावीच का हा वेगळा वाद, २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ती वैध ठरवली, मला स्वतःला दिवाणी दावा पुरेसा वाटतो, पण आज कायदा असा आहे.

खऱ्या पोस्टमध्ये यातलं काहीच नव्हतं.

पालघरच्या अटकेनंतर काही दिवसांतच श्रेया सिंघल या कायद्याच्या अभ्यासाकडे वळलेल्या दिल्लीच्या तरुणीनं ६६अ विरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका टाकली. पालघर एकटं नव्हतं, त्याच वर्षी कोलकात्यात एका प्राध्यापकाला मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र फॉरवर्ड केलं म्हणून अटक झाली होती आणि पुदुच्चेरीत एका व्यावसायिकाला एका केंद्रीय मंत्र्याच्या मुलाबद्दल ट्विट केलं म्हणून. केंद्रानं ९ जानेवारी २०१३ ला सूचना काढली की ६६अ खाली अटक करायची तर महानगरात आयजी (पोलीस महानिरीक्षक) दर्जाच्या आणि जिल्ह्यात डीसीपी (पोलीस उपायुक्त) किंवा एसपी (पोलीस अधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्या, आणि मे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना ती पाळायला सांगितली. ऐकायला बरं वाटतं. फक्त पालघर प्रकरणात जे निलंबित झाले त्यांत एक एसपीच होते, म्हणजे नवीन कुलपाची किल्ली त्याच हुद्द्याकडे.

निकाल २४ मार्च २०१५ ला आला, न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांचं खंडपीठ, निकालपत्र नरिमन यांनी लिहिलेलं. लांबलचक आहे पण वाचण्यासारखं आहे. गाभा असा की बोलण्याचे तीन टप्पे मानायचे: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या गोष्टीवर चर्चा करणं, अगदी एखाद्या नावडत्या गोष्टीचा जोरदार पुरस्कार करणं, हे १९(१)(अ) च्या पोटातच येतं, बोलणं चिथावणीपर्यंत पोचलं की मगच १९(२) जागं होतं. मग त्यांनी सरकारनं पुढे केलेली कारणं एकेक करून तपासली. सार्वजनिक सुव्यवस्था म्हणता, पण ६६अ ला मेसेज एकाला गेला का लाखाला गेला यानं फरकच पडत नाही, मग समाजाच्या रोजच्या जगण्याची घडी विस्कटण्याशी त्याचा संबंध कसा लावणार. अब्रूनुकसानी म्हणता, पण त्यात प्रतिष्ठेला धक्का लागावा लागतो, इथे ती अटच नाही. चिथावणी म्हणता, पण नुसता त्रास किंवा गैरसोय होणं म्हणजे गुन्ह्याची चिथावणी नव्हे. शिवाय जातीव्यवस्था मोडण्याबद्दलची किंवा स्त्रियांच्या मुक्तीबद्दलची मतं समाजातल्या मोठ्या वर्गाला अतिशय चीड आणणारी असू शकतात, ती सगळी या जाळ्यात येतील, असंही त्यात म्हटलंय. महाराष्ट्रात बसून हे वाचताना वेगळं उदाहरण शोधायची गरज पडत नाही, इथल्या प्रत्येक सुधारकानं आपल्या काळात कुणाची ना कुणाची अतिशय गैरसोय केलेली आहे.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्यांनी इंग्लंडच्या दोन केसेस समोर ठेवल्या. एकात एका माणसानं आपल्या खासदाराच्या ऑफिसला फोन करून वंशद्वेषी भाषेत मेसेज ठेवले होते. खालच्या कोर्टानं म्हटलं निंद्य आहे पण 'अतिशय आक्षेपार्ह' नाही, वरच्यानं तेच कायम केलं, मग हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, उलटं सांगितलं की आहे. दुसऱ्यात बर्फामुळे विमानतळ बंद पडला म्हणून एकानं चिडून तो उडवून देईन असं ट्विट केलं, एका कोर्टानं धमकी म्हणून दोषी धरलं, वरच्यानं थट्टा म्हणून सोडलं. ६६अ मधले शब्द ब्रिटिश कायद्यातल्याच शब्दांच्या वळणाचे. आता जिथे मुरलेल्या न्यायाधीशांचं त्या शब्दांवर एकमत होत नाही तिथे रविवारी रात्री ड्युटीवर असलेल्या पोलिसानं काय ठरवायचं आणि पोस्ट टाकणाऱ्यानं टाकण्याआधी काय ओळखायचं? सरकारी वकिलांनी सांगून बघितलं की कायदा आम्ही समजूतदारपणे वापरू. कोर्टानं म्हटलं सरकारं येतील आणि जातील, ६६अ मात्र राहणार, आजच्या सरकारचा शब्द उद्याच्यावर बंधनकारक नाही. आणि कलम पूर्णच रद्द केलं.

सगळं काही याचिकाकर्त्यांच्या बाजूनं गेलं नाही हेही सांगायला हवं. इंटरनेटसाठी वेगळे गुन्हे करायला कोर्टानं मनाई केली नाही, माध्यम वेगळं आहे त्यामुळे वेगळा कायदा चालेल, फक्त घटनेची कसोटी तीच. वेबसाईट आणि पोस्ट ब्लॉक करायचा आयटी कायद्याच्याच ६९अ चा अधिकार कायम ठेवला, का तर त्यात लेखी कारणं, समिती, म्हणणं मांडायची संधी अशी प्रक्रिया आहे. कागदावर आहे. त्याच नियमांत गोपनीयतेचा नियम आहे आणि त्यामुळे ज्याची पोस्ट गेली त्याला बरेचदा आदेश बघायला सुद्धा मिळत नाही. माझ्या मते निकालाची सगळ्यात कमकुवत बाजू ही. (आणि फेसबुकनं स्वतःच्या नियमांखाली पोस्ट काढली तर कलम १९ घेऊन भांडता येत नाही, ते कलम मुळात सरकारविरुद्ध आहे.)

निकालानंतर काय झालं तर कलम मेलं पण केसेस चालू राहिल्या. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं परत कोर्टात जाऊन दाखवून दिलं की पोलीस अजून ६६अ लावतायत, २०१९ ला कोर्टानं निकालाच्या प्रती सगळ्या हायकोर्टांना आणि मुख्य सचिवांना पाठवा म्हणून सांगितलं. २०२१ ला परत तेच रडगाणं, तेव्हा कोर्टासमोर आलेल्या आकडेवारीप्रमाणे ११ राज्यांत ७४५ केसेस प्रलंबित होत्या, आणि रद्द झाल्यानंतर नव्यानं नोंदवलेल्या केसेसमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर, ३८१. खंडपीठावर नरिमनच होते, त्यांनी धक्कादायक म्हटलं, दुसरं म्हणणार तरी काय. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ ला सरन्यायाधीश लळित यांच्या खंडपीठानं आदेश दिला की ६६अ खाली कुणावरही खटला चालवता येणार नाही आणि जिथे चालू आहे तिथून ते कलम काढून टाका. साडेसात वर्षं. तोवर छापील कायद्याच्या पुस्तकात कलमाचा मजकूर तसाच आणि खाली बारीक अक्षरात तळटीप की हे रद्द झालंय, ती कोण वाचतो.

पण मूळ मुद्द्याकडे येतो. ६६अ जामीनपात्र होतं. २९५अ आणि ५०५(२) अजामीनपात्र. म्हणजे ज्या कलमाची देशभर बदनामी झाली ते त्या तिघांत अटकेच्या दृष्टीनं सगळ्यात सौम्य होतं, आणि उरलेली दोन १ जुलै २०२४ पासून नवीन नंबर घेऊन दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत बसली आहेत, २९५अ चं २९९ आणि ५०५ चं ३५३. १५३अ चं १९६ झालं. तीच पोस्ट आज पडली, तेवढाच जमाव आला, तर स्टेशन डायरीत लिहायला कलमांचा तुटवडा नाही. त्यांत पोस्ट बसत नाही हे वकिलाला पाच मिनिटांत कळेल, पण तोवर रात्र लॉकअपमध्ये जाते, फोन जप्त होतो, नोकरीच्या ठिकाणी कळतं, दवाखाना फुटतो. निर्दोष सुटणं ही या खटल्यांमधली शेवटची पायरी असते आणि शिक्षा पहिल्या पायरीवर होऊन गेलेली असते.

याला कायद्यात उतारा नव्हता का, तर होता, २०१२ मध्येही होता. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे याची कारणं पोलिसांनी नोंदवावीत आणि नाहीतर नोटीस देऊन बोलवावं ही दुरुस्ती फौजदारी प्रक्रिया संहितेत १ नोव्हेंबर २०१० पासून लागू होती. वरची तिन्ही कलमं कमाल तीन वर्षांची. म्हणजे दोघींना नोटीस देऊन घरी पाठवणं हा कायद्यानं सांगितलेला नेहमीचा रस्ता होता, कृपा नव्हती. पत्ता माहीत, पोस्ट स्क्रीनवर, पळून कुठे जाणार होत्या त्या. २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टानं हेच परत दरडावून सांगितलं.

अलीकडे यात एक चांगली भर पडलीय. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी एका व्हिडिओच्या मागे कविता लावली म्हणून जामनगरमध्ये एफआयआर झाला, गुजरात हायकोर्टानं तो रद्द करायला नकार दिला, आणि २८ मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, शब्द कुणाच्या कानानं ऐकायचे. कोर्टानं जुनी कसोटी घेतली जी आपल्या नागपूर हायकोर्टाच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या आधी लिहून ठेवलीय, की परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसावर होणारा, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसावर होणारा नाही. ही कसोटी पालघरच्या पोस्टला लावली तर केस उभीच राहत नाही.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) प्रमाणे तीन वर्षं किंवा जास्त पण सातहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) परवानगीनं, एफआयआरच्या आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि कोर्टानं सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत ती करणंच योग्य. कोर्टात तक्रार गेल्यावर वकिलानं पहिला प्रश्न हाच विचारावा की १७३(३) ची चौकशी झाली का आणि झाली नसेल तर का नाही. १४ दिवसांत जमाव घरी गेलेला असतो आणि पोस्ट शांतपणे वाचता येते. फक्त कलमात शब्द 'करता येईल' असा आहे, 'करावीच' असा नाही, आणि ती करायची का लगेच एफआयआर घ्यायचा हे ठरवणारा माणूस तोच, ज्याच्या खिडकीबाहेर घोषणा चालू आहेत.